मशीनशी मराठीत बोलणारे काका

झाशीजवळच्या बिजौलीतल्या ज्या कारखान्यात मी नोकरीला होते, तिथल्या कामगारांची एक पक्की समजूत होती: मशीन अडली की तिच्याशी मराठीत बोलायचं. टर्नर रामसेवक बरुआसागरचा. घरी बुंदेली, बाजारात हिंदी, आणि मराठीशी त्याच्या घराण्यात कुणाचा कधी संबंध आलेला नव्हता. पण लेथ कुरकुरायला लागली की तो तिच्या अंगावर हात ठेवून म्हणे, "चल गं बाई, चल, उशीर झाला." आणि ती बया खरंच चालायची. नवा कामगार आला की रामसेवक त्याला आधी तेलाची कुपी कुठे असते ते दाखवी आणि मग हे वाक्य पाठ करून घेई.

या समजुतीचे जनक आमचे काका. ते माझे सख्खे काका नव्हेत. दतिया गेटजवळ आमची घरं समोरासमोर, एवढंच नातं. कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख होते आणि सगळे त्यांना पंडितजी म्हणत, कारण झाशीत मराठी ब्राह्मण म्हटला की तो पंडितजीच. काका चिडत. "मैं पंडित नहीं, ड्राफ्ट्समैन हूँ," असं ते ठणकावून सांगत, आणि समोरचा "हओ पंडितजी" म्हणून निघून जाई.

मशीनशी मराठीत का बोलता, असं मी एकदा विचारलं होतं. काका म्हणाले, "हिंदीत मी सेठजींशी बोलतो. त्या भाषेत थोडंफार खोटं बोलायची सवय लागलीय. मशीनशी खोटं बोलून चालत नाही." झाशीतल्या आम्हा मराठी लोकांची मराठी तोवर स्वयंपाकघरापुरती उरली होती. माझा धाकटा भाऊ तर आईच्या मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देई. सबंध गावात मराठी रोज खणखणीत ऐकायची तर काका आणि त्यांचा कॅल्क्युलेटर यांचं भांडण ऐकायला हवं होतं.

तो कॅल्क्युलेटर उन्हावर चालणारा होता. आमच्या ऑफिसात असा पहिलाच. तो ट्यूबलाइटवरही चालतो हे बरोबरच्या कागदावर लिहिलेलं होतं, पण काकांना ते पटेना. ट्यूबचं पोषण वेगळं आणि सूर्याचं वेगळं, असं त्यांचं मत. म्हणून रोज दुपारी जेवण झालं की ते त्याला रुमालावर ठेवून अंगणात न्यायचे आणि पापडाला द्यावं तसं ऊन द्यायचे. मध्ये एकदा उलटायचेसुद्धा. त्या वेळात कुणाला बेरीज करायची झाली तर त्याने थांबायचं किंवा कागदावर करायची.

नव्या यंत्राचं त्यांना वेडच होतं. गावात टीव्हीची लहर पोचायच्या कितीतरी आधी त्यांनी गच्चीवर अँटेना लावला होता आणि कुठूनसा जुना टीव्ही आणून बैठकीत ठेवला होता. संध्याकाळी तो सुरू करायचे. पडद्यावर नुसत्या मुंग्या. तरी शेजारपाजारच्यांना बोलावून सतरंजीवर बसवायचे, काकू चिवडा द्यायच्या, आणि काका समजावून सांगायचे, "सिग्नल निघालाय. वाटेत आहे." आम्ही पोरं मुंग्या बघत चिवडा खायचो. ज्या दिवशी खरंच चित्र दिसलं त्या दिवशी काका घरी नव्हते, भाजी आणायला गेले होते. काकूंनी तो टीव्ही घाबरून बंद करून टाकला.

बारावीनंतर मी पॉलिटेक्निकमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि ट्रेसरच्या जागेसाठी काकांकडेच गेले. ट्रेसर म्हणजे पेन्सिलीने काढलेल्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून ते शाईने गिरवणारा माणूस. मग त्या कागदावरून हव्या तितक्या प्रती निघत. शेजारची मुलगी म्हणून काही सूट मिळेल असं मला वाटलं होतं. काकांनी मला ओळखच दाखवली नाही. बोर्डावर कागद लावला, हातात शाईचं पेन दिलं आणि म्हणाले, "सरळ रेघ मार. मी थांब म्हणेपर्यंत." एवढं बोलून ते चहाला निघून गेले. मी रेघ मारत मारत कडेला आले आणि पेन उचलून उभी राहिले. बऱ्याच वेळाने काका आले.

"थांबलीस का?"

"कागद संपला."

"शाब्बास. तुझ्या आधीचा बोर्डावर गेला होता." आणि त्यांनी मला बोर्डाच्या लाकडावर उमटलेली ती शाईची रेघ दाखवली. अशी मला नोकरी लागली.

त्यांची काम करायची तऱ्हाही निराळीच. दुसरे प्रमुख पेन्सिलीने चित्र काढून ट्रेसरला देतात. काका हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून खोलीत फेऱ्या मारायचे आणि तोंडाने चित्र सांगायचे, तेही मराठीत. "शून्य शून्यपासून निघ. उजवीकडे एकशे वीस. वर ऐंशी. आता कोपऱ्यापासून पंधरा आत ये आणि एक भोक पाड, व्यास चौदा." आमचा कारखाना ट्रान्सफॉर्मरला लागणाऱ्या पट्ट्या आणि क्लॅम्प बनवायचा, म्हणजे सगळा कारभार भोकांचा. मी ऐकायची आणि थेट शाईने काढायची. फेऱ्या मारताना ते टेबलाला धडकत, टेबलाला "सरक की जरा" म्हणत, आणि पुढचा आकडा सांगत. आधी मला हे सगळं नाटक वाटायचं. पण वर्षभरात मला अशी सवय झाली की कागदावर बघून काम करायचं म्हटलं तर मला झोप येई.

मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्युटरचं वारं आलं. काकांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात कॉम्प्युटरवर चित्रं काढतात असा लेख वाचला आणि त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन, लग्न ठरल्यासारख्या आनंदाने सांगायला लागले, "तुझं काम जाणार हं!"

"कुठे जाणार?"

"संपणार. ट्रेसर ही जमातच राहणार नाही. चित्र मशीनमध्येच काढायचं, मशीनमधूनच छापायचं. गिरवणार काय? वा!"

त्या "वा"चा मला जो संताप यायचा तो काय सांगू. माझे बाबा रेल्वेतून रिटायर होऊन दम्याने घरी बसलेले, भाऊ शाळेत, आणि घर चालत होतं माझ्या पगारावर. काकांना हे सगळं ठाऊक होतं. रोज संध्याकाळी बाबांजवळ येऊन बसायचे ते. तिथेही तेच सुरू. "तुमच्या मुलीचं काम जाणार बरं का!" बाबांना हसावं की खोकावं कळायचं नाही. आईने तर एकदा त्यांच्या चहात मुद्दाम साखर घातली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सेठजींना काकांनी वर्षभर पिडलं तेव्हा कुठे त्यांनी कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासाठी काचेची खोली झाली, एअर कंडिशनर लागला. खुद्द सेठजींच्या केबिनमध्ये कूलर होता. चपला बाहेर काढून आत जायचं असा नियम झाला, आणि रामसेवक तर चपला काढून, वर हातपाय धुऊन यायचा. पहिल्याच दिवशी सेठजींनी मला आणि काकांना बोलावून सरळ सांगितलं, "देखिए पंडितजी, इतना पैसा लगाया है। दिवाली के बाद ड्रॉइंग ऑफिस में एक ही आदमी रहेगा।" काका म्हणाले, "बिल्कुल सही।" एक माणूस म्हणजे कोण, हे काय मला सांगायला हवं होतं?

आणि तरीही मला शिकवायला त्यांनी जीव तोडला. इंग्रजी जाडजूड पुस्तक हातात घेऊन माझ्यामागे उभे राहायचे, एकेक ओळ मराठीत करून सांगायचे, आणि मी बटणं दाबायची. स्वतः एकदाही खुर्चीवर बसले नाहीत. माऊस म्हणजे पोटात गोळी असलेला तो जुना माऊस. तो तर त्यांना अजिबात मान्य नव्हता. "हाताने ढकलून अंदाजाने रेघ मारायची तर बोर्ड काय वाईट होता? आकडा टाईप कर." म्हणून मी सगळी चित्रं आकडे टाईप करूनच काढायला शिकले. मनात मात्र धुसफुस चालूच होती. मला वाटे, यांना स्वतःची बोटं नाहीत म्हणून माझी वापरतायत. एकदा विद्या घोटून झाली की दिवाळीनंतर खुर्ची यांची आणि मी घरी. त्या दिवसांत मी त्यांच्याशी नीट बोलतसुद्धा नव्हते. त्यांना त्याचंही काही नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. कारखान्यात विश्वकर्मा पूजा धूमधडाक्यात होत असे, ती सगळ्यांची. पण आमच्या ड्रॉइंग ऑफिसात काका खंडेनवमीलाही हत्यारांची पूजा करायचे, ती घरची रीत म्हणून. पाटावर कंपास, पट्ट्या, पेनं मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि काकूंच्या हातचा शिरा. शिऱ्यासाठी सगळा कारखाना ही पूजा आपलीच मानायचा. त्या वर्षी काकांनी कॉम्प्युटरचा कीबोर्ड आणि माऊस सोडवून पाटावर मांडला होता. पूजा झाली, शिरा वाटला, आणि आता दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही म्हणून आम्ही निवांत बसलो होतो.

तेवढ्यात सेठजी धावत आले. ग्वाल्हेरच्या एका मोठ्या कंपनीचे इंजिनियर साहेब दसऱ्यानंतर येणार होते, ते आजच दारात उभे. कॉम्प्युटरवर चित्र काढून दाखवलं तर वर्षभराचं काम मिळणार होतं. "पंडितजी, मशीन चालू कीजिए।"

"आज हथियार नहीं उठाते, सेठजी।"

गावातला सर्वांत आधुनिक माणूस कीबोर्डला हात लावायला तयार होईना! सेठजींनी अक्षरशः हात जोडले. शेवटी काकांनी पाटावर अक्षता टाकल्या, घाईघाईने उत्तरपूजा उरकली, आणि कीबोर्डला मराठीत म्हणाले, "माफ कर बाबा, पोटापाण्याचा प्रश्न आहे." फुलं झटकून मी सगळं पुन्हा जोडलं. मशीन सुरू झाली. माऊस हलवला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

मी माऊस उलटा केला तर बोटं तेलाने माखली. काचेच्या पलीकडून रामसेवक अभिमानाने हसत होता. "हमने तेल डार दओ है पंडितजी! पूजा को दिन है, कौनऊ मशीन सूखी नईं रहन चइए।" पूजेच्या दिवशी प्रत्येक मशीनला तेलपाणी करायचं हा कारखान्याचा रिवाज. गोळीची मशीन दिसल्यावर त्याला ती बेअरिंगचीच वाटली. त्यात कुंकू मिसळून आत छान लाल चिखल झालेला.

इंजिनियर साहेब घड्याळ बघायला लागले. सेठजींच्या कपाळावर एअर कंडिशनरमध्ये घाम. मी काकांकडे बघितलं. काकांनी हात पाठीमागे बांधले, डोळे मिटले आणि त्या टीचभर खोलीत फेऱ्या घालायला लागले. "शून्य शून्यपासून निघ. उजवीकडे एकशे वीस."

माझी बोटं आपोआप चालायला लागली. माऊसची गरजच नव्हती. काका बोलत होते, मी टाईप करत होते, आणि पडद्यावर एकेक रेघ, एकेक भोक झरझर उमटत होतं. काका एअर कंडिशनरला धडकले, "सरक की जरा" म्हणाले, आणि पुढचा आकडा सांगितला. इंजिनियर साहेब सेठजींच्या मागे दाराशी उभे होते. तिथून त्यांना पडदा दिसत होता आणि काका दिसत होते. कीबोर्ड माझ्या पाठीआड. त्यांचे डोळे विस्फारले.

"अरे! ये आवाज़ से चलता है? कौन सी भाषा में?"

"हओ साहब," रामसेवक दारातून म्हणाला, "इतै की सबरी मशीनें मराठी समझत हैं।"

सेठजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते व्यापारी माणूस. आवाजावर चालणारा कॉम्प्युटर अख्ख्या उत्तर प्रदेशात कुणाकडे नव्हता, आणि गिऱ्हाईक आपणहून तसं समजत होतं. काकांनी नुसतं गप्प राहायचं होतं. मशीन मराठी समजते म्हटल्यावर मराठी बोलणाऱ्याला हलवणार कोण? दिवाळीनंतरची ती एक जागा त्यांच्या खिशात आयती येऊन पडली होती, हे मला बसल्या जागी कळलं, सेठजींना कळलं, आणि काकांना कळलं नसेल असं मी मरेपर्यंत मानणार नाही.

काकांनी डोळे उघडले. भलतेच चिडलेले दिसले. "मशीन कुछ नहीं सुनती साहब, बहरी है। सुनती ये लड़की है। मैं तो सिर्फ़ बोलता हूँ। बोलने वाले आपको बहुत मिल जाएँगे।"

इंजिनियर साहेब मोठ्याने हसले. खिशातून त्यांच्या एका क्लॅम्पचं हाताने काढलेलं चित्र काढून माझ्यापुढे ठेवलं. "आप अकेले कर लेंगी?" मी काकांकडे वळले तर ते खोलीबाहेर जाऊन चपला घालत होते. बघून काम करायची माझी सवय मोडलेली. मग मीच ते आकडे तोंडाने मराठीत पुटपुटत गेले आणि टाईप करत गेले. क्लॅम्प झाला. भोकं जागच्या जागी बसली. साहेबांनी सेठजींचा हात हातात घेतला, आणि जाताना म्हणाले, "काम आपको देते हैं, पर ड्रॉइंग बहनजी ही बनाएँगी।"

दिवाळीनंतर ड्रॉइंग ऑफिसात एकच माणूस राहिला, ती मी. सेठजींनी काकांना शाल दिली, हार घातला, फोटो काढला. रामसेवक रडला. काका फोटोग्राफरच्या फ्लॅशची बनावट बघण्यात गर्क होते.

मला मात्र ते सहन होईना. ज्या माणसाच्या हट्टापायी तो कॉम्प्युटर आला त्यालाच त्याच्यासमोरून उठवून मी तिथे बसायचं? संध्याकाळी तडक त्यांच्या घरी गेले. काका ओसरीवर सायकल उलटी करून चेन साफ करत होते. मी उभ्या उभ्याच सुरू झाले. तुम्ही गप्प का राहिला नाहीत, दोन मिनिटं गप्प राहिला असतात तर तुमची जागा राहिली असती, वर्षभर माझं काम जाणार म्हणून नाचत होतात, आणि शेवटी हे काय करून बसलात, असं काय काय बोलले. बोलता बोलता रडायला लागले. काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

काकांनी चेनवरचा हात पुसला. म्हणाले, "काम गेलंच की तुझं. आता कुठे गिरवतेस तू?"

"विषय बदलू नका."

"बरं. मग ऐक. तुला नोकरी हवी होती. घर आहे तुझ्यावर. मला काय हवं होतं? मला हौस होती नुसती. हौसेला पगार कशाला लागतो?" आणि लगेच म्हणाले, "ते चाक धर जरा, फिरव."

मी चाक फिरवत राहिले. त्यांचा मला तेव्हा आला तेवढा राग पुन्हा कुणाचा आला नाही, आणि वाटली तेवढी माया पुन्हा कुणाबद्दल वाटली नाही.

सोमवारी सकाळी मी काचेच्या खोलीत एकटीच बसले होते. समोर मशीन सुरू, आणि हात काही केल्या कामाला लागेना. इतक्यात बाहेर गेटवर आवाज चढलेले ऐकू आले. खिडकीतून पाहिलं तर चौकीदार काकांची सायकल अडवून उभा होता.

"पंडितजी, आप तो रिटायर हो गए।"

"हो गया न। इसीलिए तो फुरसत मिली है।"

त्याच्या हाताखालून वाकून ते आत आले. चपला बाहेर काढल्या, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "हं, दाखव. आता काय काय येतं तुला?"